आसऱ्याचा खांब

खुंट्या कमी पडल्या म्हणून तुर्फा खलफकाकांकडे गेली. सुरुवात एवढ्यावरूनच झाली.

बुधवारची दुपार होती. नमाज होऊन गेली होती. वाऱ्याला अजून जोर नव्हता, पण दक्षिणेकडून हवा अशी येत होती, जसं भट्टीचं तोंड कुणी उघडं टाकलंय. तंबूला बारा खुंट्या लागतात. तुर्फाकडे नऊच होत्या. बाकीच्या तीन कधीतरी शेळ्या बांधायला गेल्या आणि शेळ्यांबरोबरच विकल्या गेल्या असाव्यात.

खलफकाका तिचे चुलते. वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, डोळे मात्र घारीचे. चाळीस वर्षं त्यांनी वाळवंटातल्या पोलिसांसाठी माग काढला होता. वाळूवरच्या पावलावरून माणूस लंगडा आहे की नुसता दमलाय, ते सांगायचे. तंबू कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं. तुर्फाने कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की आयदची पोरं उद्या जाणार. जायच्या आधी एक रात्र अंगणात तंबू ठोकून झोपायचं, असं तिने त्यांना कबूल केलंय.

"मग बाजारातला निळा प्लास्टिकचा आण," काका म्हणाले. "घडी केली की संपला."

"माझ्या आईने विणलेला घरात पडलाय, आणि मी प्लास्टिक आणू?"

"आणावंस. प्लास्टिकला कायदा नाही. तुझ्या आईच्या तंबूला आहे."

म्हातारा माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, असं म्हणून तुर्फाने खुंट्या काखेत मारल्या आणि घर गाठलं.

आयद म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर उलटून तो गेला. त्याची बायको नुवैर झरका शहरात माहेरी गेली, शिलाईच्या कारखान्यात लागली, आणि दोन्ही पोरं तुर्फाच्या अंगावर आली. मिझ्ना अकरा वर्षांची, सत्ताम सहाचा. अंगावर आली असं लोक म्हणायचे. तुर्फाला स्वतःचं मूल नव्हतं, नवरा कधीच कुवेतला गेला तो गेला, आणि या दोघांशिवाय तिच्या घरात बोलणारं कुणी नव्हतं. आता नुवैरने दोन खोल्या घेतल्या होत्या. तिचा भाऊ गाझी गुरुवारी सकाळी गाडी घेऊन पोरांना न्यायला येणार होता. आईने आपली पोरं मागितली, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तुर्फाला ते कळत होतं. पण कळणं वेगळं आणि काळजाने ऐकणं वेगळं.

मिझ्नाने वहीचं पान फाडून त्यावर सगळा बेत लिहिला होता. कोण कुठे झोपणार, बॅटरी कुणाच्या उशाशी, करडू आत आणायचं की बाहेर बांधायचं, लघवीला कुठे जायचं. अंड्यात कांदा घालायचा नाही, असं सत्तामने मुद्दाम लिहून घेतलं होतं. शेवटी एक ओळ होती, 'भीती वाटली तर', आणि तिच्यासमोर 'आत्याला उठवायचं'. तुर्फा चौथीपर्यंत शिकलेली, पण ही ओळ तिने दोनदा वाचली आणि मग उगाच शेळीवर खेकसली.

तंबू काढला तेव्हा कोठीभर धुराचा आणि जुन्या शेळीचा वास पसरला. शेळ्यांच्या काळ्या केसांचे पट्टे, एकाला एक शिवलेले, लोखंडासारखे जड. तिघांनी मिळून ओढत अंगणात आणले. मधला खांब उभा राहिला, दोर ताणले गेले, आणि सिमेंटच्या घरासमोर ते काळं घर असं बसलं, की मागचं घरच पाहुणं वाटायला लागलं. मधे पडदा सोडला. एक बाजू घरच्यांची, एक पाहुण्याची.

तिकडे कोण झोपणार, असं सत्तामने विचारलं. पाहुणा, तुर्फा म्हणाली. कोण पाहुणा? जो येईल तो. पाहुण्याची बाजू नसेल तर त्याला तंबू म्हणत नाहीत, शेळ्यांचा गोठा म्हणतात. तेव्हा मिझ्नाने आपल्या कागदावर पडद्यापलीकडे एक गादी काढली आणि आत खरी गादी नेऊन अंथरली. चहा ओतून एक ग्लासही ठेवला.

आणि मग दोर आवळता आवळता तुर्फाने त्यांना खांबाची गोष्ट सांगितली. तंबूचा मधला खांब ज्याने धरला आणि म्हटलं की मी तुझ्या आसऱ्याला आलोय, तो त्या तंबूचा. तीन दिवस आणि वर दिवसाचा तिसरा हिस्सा त्याला कुणी हात लावू शकत नाही. त्याचं नाव विचारायचं नाही, का पळालास तेही नाही. त्याला मागणारा दाराशी आला, तर तंबूच्या धन्याने मधे उभं राहायचं. भावाचा खुनी असला तरी.

"लहान मुलांना पण?" मिझ्नाने विचारलं.

"कुत्र्याला पण."

थोड्या वेळाने मिझ्ना सत्तामला घेऊन कोठीमागे गेली, आणि दोघांची कुजबुज बराच वेळ चालली. तुर्फाने ओळखलं. उद्या गाझी आला, की दोघं खांब धरणार. खोटं कशाला बोला, तिने ती गोष्ट त्यासाठीच तर सांगितली होती. उद्या ती हात झटकून म्हणणार होती, गाझी, मी काय करू, कायदा तुझ्याही बापाचा आहे. तीन दिवस मिळाले असते. तीन दिवसांत नुवैरचं मन बदलू शकतं, गाझीची गाडी मोडू शकते, जग उलटंपालटं होऊ शकतं.

धूळ आली ती चारच्या सुमारास. आधी क्षितिज गेलं, मग रस्ता, मग समोरचं काकांचं घर. उजेड हळदीच्या पाण्यासारखा झाला. मग वीज गेली. तुर्फाने पोरांना हाका मारून घरात यायला सांगितलं आणि स्वैपाकघरात कंदील लावला. तोंडात माती कचकचत होती. बाहेर तंबूचे दोर एकसुरात गुणगुणत होते, एखादी बाई जात्यावर बसल्यासारखे.

फाटकाची कडी वाजली. तीनदा, संथ.

तुर्फा ओढणी तोंडावर घेऊन अंगणात आली. फाटक लोखंडी, छातीपर्यंत पत्रा आणि वर गज. गजांमागे एक उंच माणूस उभा होता. डोक्याचा रुमाल त्याने तोंडावरून गुंडाळला होता, त्या धुळीत कुणीही गुंडाळला असता.

"तुमच्याकडे आमचं एक आहे," तो म्हणाला. आवाज घसा सुकल्यासारखा. "बाहेर पाठव."

गाझी एक दिवस आधीच टपकला. तुर्फाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. सलाम नाही, तब्येत विचारणं नाही, दारात उभं राहून पोरं मागतोय. तिचं माथं भडकलं. पोरं तंबूत असतील, आवाज ऐकून त्यांनी खांब धरला असेल, असंही तिला वाटलं. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सांगितलं, की माझ्या तंबूचा खांब धरलाय, आसरा दिलाय, तीन दिवस आणि वर तिसरा हिस्सा. आला तसा परत जा.

तो हलला नाही.

"कुणाला दिलास... ते पाहिलंस?"

"आम्ही पाहत नाही. आणि विचारतही नाही. तुला शिकवलं नाही का कुणी?"

मग तो म्हणाला, "बरं. मी दाराशी थांबतो." रागाने नाही. जसा एखादा माणूस दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसतो, तसा.

तुर्फा पाठ फिरवून ताडताड तंबूपाशी आली आणि दाराचा पडदा उचलला. पोरांना पोटाशी धरायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

तंबूत कुणी नव्हतं.

घरच्यांची बाजू रिकामी. मधल्या पडद्यापलीकडे गेली. तिथली गादी मधोमध दबली होती, अंग आवळून कुणीतरी पडून गेल्यासारखी. ग्लासातला चहा संपला होता, तळाशी नुसती पानं. खांबावरच्या धुळीत हाताची जागा पुसली गेली होती. उभ्या माणसाच्या हाताची नाही, त्याच्या खूप खाली. जमिनीवर पडून धरल्यासारखी. तिने तिथे बोट लावलं. लाकूड ओलसर होतं.

पोरं घरातच सापडली. मिझ्ना मागच्या दाराने आत आली होती, करडू छातीशी घेऊन. ती इतका वेळ गोठ्यात होती. सत्ताम गाद्यांच्या ढिगावर बसून ओठ चावत होता. तुर्फाने विचारलं, खांब कधी धरलात? मिझ्नाचा चेहरा उतरला, बेत फुटला म्हणून. ती म्हणाली, "आम्ही नाही धरला, आत्या. आम्ही उद्या धरणार होतो. मामा आल्यावर."

"सत्ताम?"

सत्तामने मान हलवली. नाही.

त्याच वेळी फोन वाजला. गाझी होता. झरकाहून बोलत होता, मागे टीव्हीचा आवाज येत होता. धुळीने रस्ता बंद आहे, पण सकाळपर्यंत उघडेल, मी आठला पोचतो, असं सांगून त्याने पोरांची चौकशी केली. तुर्फाने काय उत्तर दिलं, ते तिला नंतर आठवेना.

मग ती जमिनीवर बसली आणि जुळवायला लागली. फाटकात आला तो गाझी नव्हता. गाझीला दोन हवी होती, त्याने एक मागितलं. पोरांनी खांब धरला नव्हता, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी धरला होता. आणि तिने न बघता, न विचारता, त्या कुणालातरी आसरा दिला होता. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी बसत होती, आणि तरी सगळं मिळून काहीच होत नव्हतं. तिने खिडकीतून पाहिलं. फाटकापलीकडे उंच काहीतरी उभं होतं. खांबच असेल फाटकाचा. फाटकाला खांब दोन. तिला तीन दिसत होते, मग दोन, मग परत तीन.

मागच्या भिंतीवरून उतरून ती काकांकडे गेली. कंदिलाच्या उजेडात त्यांनी सगळं दोनदा ऐकलं. तो कोण, असं तिने विचारलं. ठाऊक नाही. आत आहे तो कोण? तेही ठाऊक नाही. पळणारा कोण आणि मागे लागलेला कोण, यातला भला कोण, हे तंबूला कळत नाही, ते म्हणाले. तंबू फक्त शब्द ओळखतो.

तंबू उतरवून टाकू? नाही. आसऱ्याला आलेला आत असताना दोर सोडता येत नाही.

"आणि पोरं? सकाळी पोरं त्याच फाटकातून जाणार."

काकांनी दाढीवरून हात फिरवला. आसरा उभा असेपर्यंत, आसरा देणाऱ्या घरचं माणूस बाहेर पडलं, तर मागणारा त्याच्यावर हात टाकायला मोकळा. जुना नियम. पोरांना तीन दिवस घरात ठेव आणि दारं लाव, ते म्हणाले. नाहीतर...

"नाहीतर काय?"

"नाहीतर शब्द मोड. मोडणाऱ्याची इज्जत जाते, पुढे कुणी त्याच्या हातचा चहा घेत नाही. पण भांडण मिटतं. शब्द एकच असतो, तुर्फा. एकासाठी मोडला, की सगळ्यांसाठी मोडला. मग मागणारा आपलं घेतो आणि निघून जातो."

त्या रात्री तंबूत कुणी झोपलं नाही. पोरांना तिने घरात निजवलं, बेत बारगळला म्हणून मिझ्ना भिंतीकडे तोंड करून पडली. तुर्फा दाराला पाठ लावून बसली. तीन दिवस. ज्या तीन दिवसांसाठी ती दुपारी मनातल्या मनात देवाशी घासाघीस करत होती, ते तिला आयते मिळाले होते, कायद्यासकट. फक्त पोरांच्या उशापासून वीस पावलांवर कुणीतरी अंग आवळून पडलेलं, आणि दाराशी दुसरं कुणीतरी उभं. ती बराच वेळ त्या तीन दिवसांकडे पाहत राहिली. मग तिने ते सोडून दिले.

सकाळी वारा पडला होता, पण धूळ हवेत तशीच तरंगत होती. आठला गाझीची गाडी वाजली. त्याने फाटक ढकललं आणि सलाम करत आत आला, वाटेत त्याला कुणी अडवलं नाही, कुणी दिसलंही नाही. खलफकाका भिंतीशी येऊन उभे होते.

पोरांनी ठरवल्याप्रमाणे केलं. मामाला पाहताच दोघं धावत तंबूत शिरली आणि खांबाला मिठी मारली. मिझ्ना ओरडत नव्हती, नीट, पाठ केल्यासारखं म्हणाली, "आत्या, आम्ही तुझ्या आसऱ्याला आलोय." सत्तामने डोळे घट्ट मिटले होते.

गाझी हसला, मग हसायचं थांबला. तो त्याच मातीतला होता. हे हसण्यावारी न्यायचं नाही, हे त्याला कळत होतं. त्याने तुर्फाकडे पाहिलं.

तुर्फा आत गेली. तिने मिझ्नाची बोटं एकेक करून खांबावरून सोडवली. मग सत्तामची. त्याची पकड पोरीपेक्षा घट्ट होती, तिला जोर लावावा लागला, त्याची करंगळी लाल झाली. दोघांना दंडाला धरून तिने फाटकापर्यंत आणलं आणि गाझीच्या हातात दिलं, आणि मोकळ्या हवेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मी माझा शब्द मोडला. या तंबूत कुणालाही आसरा नाही. ज्याचं आहे त्याने घेऊन जावं."

काकांनी मान दुसरीकडे फिरवली. गाझी खाली बघत पोरांच्या पिशव्या उचलू लागला. मिझ्नाने आत्याकडे पाहिलंच नाही. सत्ताम मात्र मागच्या काचेतून वळणापर्यंत बघत होता, रडत नव्हता, नुसता गोंधळल्यासारखा. आपलं काय चुकलं, हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तसा.

गाडी गेली. तुर्फा फाटक उघडं ठेवून पायरीवर बसली आणि वाट पाहत राहिली, की तो येईल आणि तंबूतून आपलं घेऊन जाईल. कुणी आलं नाही. तंबूतूनही कुणी निघालं नाही.

काका फाटकाबाहेर वाकून काहीतरी पाहत होते. रात्रभर पडलेली धूळ पिठासारखी मऊ होती. तिच्यात एका माणसाच्या अनवाणी पावलांची एक जोडी होती. एकच. येणारं पाऊल नाही, जाणारं नाही. नुसता उभा. आणि बोटं रस्त्याकडे.

"काल तर तो घराकडे तोंड करून होता," तुर्फा म्हणाली.

"आज नाही."

"मग बरंच की. त्याने आमच्याकडे पाठ केली."

काका आणखी थोडा वेळ वाकलेले राहिले. इतक्या जवळून गाडी गेली, तरी पावलाची कड मोडलेली नाही, एवढंच ते म्हणाले, आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं.

दुपारी तुर्फाने भाकरी थापली आणि शेळ्यांना घातली. चारच्या सुमाराला फोन आला. मिझ्ना होती, सुखरूप पोचलो एवढं सांगायला, आवाज परक्यासारखा. मग ती म्हणाली, सत्तामला बोलायचंय, सकाळपासून डोकं खातोय.

"आत्या," सत्ताम म्हणाला, "आसरा एकदाच मिळतो का?"

"का रे?"

"मिझ्नाने सांगितलं होतं, आधी धरायचा नाही. आधी धरला तर उद्यासाठी संपेल. मी आधीच धरला होता, म्हणून तू आज नाही दिलास ना?"

तुर्फाने अगदी हळू, शेळीला चुचकारावं तशा आवाजात विचारलं, कधी धरलास राजा?

काल, धुळीत, तो म्हणाला. मिझ्ना गोठ्यात होती. तो तंबूत पाहुणा पाहुणा खेळत होता. पाहुण्याच्या गादीवर पडला होता, पाहुण्याचा चहा प्यायला होता. तेव्हा फाटकातल्या माणसाने त्याला हाक मारली.

"हाक मारली... कशी?"

"नावाने. सत्ताम, चल. मला भीती वाटली, म्हणून मी पडल्या पडल्या खांब धरला आणि म्हटलं, आत्याच्या आसऱ्याला. आणि लगेच तू बाहेर आलीस, आणि त्याला हाकललंस." तो थोडा थांबला. "मग मी मागून घरात पळालो. आत्या, कालचं बरोबर होतं ना? मग आज का सोडवलंस?"

घरात राहा, एवढं तुर्फाने सांगितलं. दारात जाऊ नकोस, आईचा पदर सोडू नकोस, मी येतेय. मग गाझीने फोन घेतला. त्याला ती सांगायला लागली, की पोराला कोठीत घाल, दार लाव, कुणी नावाने हाक मारली तर... गाझीने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "तुर्फाताई, सकाळी तू मोठं मन दाखवलंस. आता ते घालवू नकोस." आणि फोन ठेवला. परत लावला तर बंद.

ती अनवाणीच फाटकाकडे धावली. पावलांची जोडी तिथेच होती, पण आता एकटी नव्हती. तिच्यापुढे एक पाऊल होतं, त्यापुढे दुसरं, आणि अशी रांग रस्त्याच्या कडेने पश्चिमेला, झरकाच्या दिशेला गेली होती.

तिने काकांना ओढत आणलं. ते रांगेच्या बाजूने दहा-बारा पावलं चालले, बसले, उठले.

"कधी निघालाय?"

"ऊन कललं तेव्हा. पोराने तुला सांगितलं, त्याच्या थोडं आधी." त्यांनी टाचेपासून टाचेपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. "चालतोय. घाई नाही त्याला."

तुर्फा तंबूत गेली. दोर सोडायला वेळ नव्हता, तिने विळ्याने कापले. आईचं विणलेलं सगळं काळं ओझं तिच्या अंगावर कोसळलं, त्याच्याखालून ती मधला खांब घेऊन बाहेर आली आणि काकांच्या गाडीच्या मागच्या हौद्यात टाकला. काकांनी विचारलं, शब्द मोडलेल्या बाईचा खांब धरून पोराला काय मिळणार? ते मी त्यालाच विचारेन, ती म्हणाली, आत बसा.

गाडी तुर्फा चालवत होती, कारण काकांची नजर मागावर हवी होती. त्यांनी काच खाली केली आणि रस्त्याकडेच्या धुळीकडे पाहत राहिले. माग सुटत नव्हता. काट्याने नव्वद गाठले, शंभर गाठले. काळ्या दगडांचं रान मागे पडलं, तेलाचा पंप गेला, पाण्याच्या टाक्या गेल्या. पायी माणसाला एवढं अंतर तोडायला दीड दिवस लागेल, तुर्फा स्वतःला सांगत होती, आपण कधीच पुढे निघालो असणार. पण काका दर थोड्या वेळाने नुसते "आहे" म्हणत होते. आहे. आहे.

तासाभराने ते म्हणाले, थांब.

उतरून ते एका पावलाशी उकिडवे बसले. तुर्फा मागे उभी राहिली. पावलांमधलं अंतर तेवढंच होतं, फाटकाशी होतं तेवढंच. धावलेला नव्हता. काकांनी बोट पावलाच्या कडेजवळ नेलं, लावलं नाही. कडेवरचे धुळीचे कण एकेक करून आत घरंगळत होते. पाऊल उचलल्यावर, जेमतेम श्वासभर, घरंगळतात तसे.

दोघांनी मान वर केली. पुढे रस्ता सरळ होता, आभाळाला टेकेपर्यंत, आणि त्यावर कुणीही नव्हतं.

ते परत गाडीत बसले. तीसेक किलोमीटरवर पुन्हा थांबले. तिथेही कड ढासळत होती. झरका अठरा किलोमीटर दाखवणाऱ्या पाटीशी तुर्फाने तिसऱ्यांदा गाडी उभी केली, तेव्हा काका उतरलेच नाहीत. बसल्या जागेवरून दिसत होतं. पाटीखालच्या ताज्या पावलात धूळ हळूहळू घरंगळत होती, आणि त्याच्यापुढच्या पावलात अजून घरंगळायला सुरुवातही झाली नव्हती.